विमानाचे नियम आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



यंदाच्या वर्धापनदिनी मी काही बोलावे, असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा विषय मीच निवडावा असेही त्यांनी सांगितले. मी म्हणाले, "विमानाच्या सुरक्षिततेचे नियम." त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग हसून म्हणाल्या, "अहो, आपल्या बायकांना पाकक्रिया, बचत, आरोग्य असे काही सांगितलेत तर बरे!" त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मी वैमानिक नाही, इंजिनियर नाही. पण हा विषय आपल्या घरापासून वाटतो तितका दूर नाही, आणि आज निघताना तुम्हांलाही तसेच वाटेल अशी मला आशा आहे.

आपल्यापैकी ज्या पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांना २६ एप्रिल १९९३ हा दिवस आठवत असेल. सोमवार होता. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आले होते. गच्चीवर कुरडयांचे वाळवण होते आणि सासूबाईंनी मला कावळे हाकायला बसवले होते. दुपारी एक वाजून गेला असेल. थोड्या वेळाने रस्त्यावरून रुग्णवाहिकांचे भोंगे एकामागून एक ऐकू येऊ लागले. शेजारच्या काकूंचे दीर चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला होते, ते अवेळी स्कूटरवरून घरी आले. अंगणातच मटकन बसले आणि म्हणाले, "वहिनी, विमान पडले." काकू पाणी घेऊन आल्या, पण त्यांच्याने ते पिववेना.

ते इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान होते. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर करीत ते आपल्या गावी आले होते आणि इथून मुंबईला निघाले होते. आत कर्मचारी धरून ११८ माणसे होती. विमान धावपट्टीवर धावले, पण जमीन सोडली ती अगदी पट्टीच्या टोकाशी. टोकापलीकडून बीडचा रस्ता जातो. त्या क्षणी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. रस्त्यापासून अवघ्या सात फुटांच्या उंचीवर! तशाच जखमी स्थितीत विमान आणखी सुमारे तीन किलोमीटर गेले, विजेच्या उच्च दाबाच्या तारांना अडकले आणि शेतात कोसळले. ५५ माणसे मेली, ६३ वाचली.

त्या वेळी घरोघरी एकच बोलणे होते. कोणी म्हणे ट्रकवाल्याची चूक, कोणी म्हणे नशीब. मलाही ते नशीबच वाटले. तो ट्रक चहासाठी अर्धा मिनिट थांबला असता तर? हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ वर्षे राहिला. पुढे केव्हातरी चौकशीचा निष्कर्ष वाचनात आला आणि माझा प्रश्नच चुकीचा होता हे कळले. चौकशीत दोन कारणे नमूद झाली होती. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची रहदारी नियंत्रित करण्याची व्यवस्था त्या काळच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नाही. यात नशीब कोठेच नव्हते. विमान उडताना रस्त्यावर दोन मिनिटे फाटक पाडावे, जसे रेल्वेच्या रुळावर पाडतात, एवढीच ती गोष्ट होती. ट्रकवाला बिचारा आपल्या रस्त्याने चालला होता. त्याला थांबवणे हे कोणाचे तरी काम होते.

तेव्हापासून नियम या शब्दाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. म्हणून आज थोडक्यात सांगते, की विमानाचे नियम असतात तरी कोणते.

सोयीसाठी त्यांचे तीन भाग करू. एक विमानाचे, दुसरे वैमानिकाचे आणि तिसरे विमानतळाच्या भोवतालचे.

पहिला भाग विमानाचा. आपण कुकर घेताना त्यावर आय.एस.आय.चा शिक्का आहे की नाही ते पाहतो. त्या नमुन्याचा कुकर तपासला गेला आहे, तो फुटणार नाही, असा त्या शिक्क्याचा अर्थ. विमानाच्या प्रत्येक नव्या नमुन्यालाही असेच प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण तेवढ्याने भागत नाही. शिक्का असला तरी कुकरची रबरी रिंग सैल झाली, शिटीचे भोक अन्नाने बुजले, तर तो घात करणारच. म्हणून प्रत्येक विमानाला उड्डाणयोग्यतेचा वेगळा दाखला लागतो आणि तो टिकवण्यासाठी ठरलेल्या तासांनी, ठरलेल्या दिवसांनी तपासण्या कराव्या लागतात. आपल्या देशात हे काम नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे डी.जी.सी.ए., पाहते.

हा शिक्का देणाऱ्यानेच डोळेझाक केली तर काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. अमेरिकेच्या बोइंग कंपनीने ७३७ मॅक्स नावाचे विमान काढले. त्यात एक नवी स्वयंचलित व्यवस्था बसवली होती. ठरावीक परिस्थितीत ती विमानाचे नाक आपोआप खाली दाबी. पण ती एकाच संवेदकाच्या भरवशावर चाले. तो संवेदक बिघडला, की विमान विनाकारण नाक खाली घालू लागे. आणि ही व्यवस्था विमानात आहे हेच सुरुवातीला बहुतेक वैमानिकांना सांगितलेले नव्हते! ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७ माणसे मेली. मग चौकश्या झाल्या. तपासणीचे पुष्कळसे काम सरकारी खात्याने कंपनीच्याच माणसांवर सोपवले होते, असे त्यांत उघड झाले.

भगिनींनो, आपल्या मंडळाचे हिशेब खजिनदारबाई लिहितात, पण ते तपासतात दुसऱ्या बाई. खजिनदारबाईंवर आपला अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर पद्धत तशी असावी म्हणून. आपल्या छोट्याशा मंडळाला जे कळते, ते एवढ्या मोठ्या देशाला ३४६ माणसे गेल्यावर कळले. २०२० च्या अखेरीस तिथे विमानांच्या प्रमाणपत्रांसंबंधी नवा कायदा करण्यात आला. भारतानेही मार्च २०१९ मध्ये ही विमाने जमिनीवर बसवली आणि सुधारणा झाल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली.

आपल्याकडेही या दिशेने पावले पडली आहेत. अपघाताचा तपास करण्यासाठी २०१२ साली वेगळा विभाग निघाला, म्हणजे नियम लावणाराच अपघात तपासणारा राहू नये. १९३४ च्या ब्रिटिश काळातील विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला.

याच बाबतीत आपल्या एका मराठी माणसाची गोष्ट सांगायला हवी. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ज्या गच्चीवर आपण पापड वाळवतो, तशा गच्चीवर! फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पण त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. नोंदणी म्हणजे नुसता मोटारीला नंबर मिळाल्यासारखे. उडवून पाहण्याची परवानगी वेगळी, तिला आणखी वेळ लागला. पुढच्या चाचण्या धुळ्याच्या विमानतळावर झाल्या. पुष्कळांना याचा राग आला, मलाही आला. असा गुणी माणूस, आणि त्याला कागदांसाठी एवढी वर्षे ताटकळवायचे? आजही मला वाटते, की हा उशीर कमी होऊ शकला असता. नियम कडक असावा, पण त्याचे उत्तर मुदतीत यावे. मात्र नियमच नको, असे मी म्हणणार नाही. घरी बांधलेले विमान पडले तर ते बांधणाऱ्याच्याच डोक्यावर पडेल असे थोडेच आहे?

आता दुसरा भाग, वैमानिकाचा. वैमानिकाला परवाना एकदा मिळाला की जन्मभराचे झाले, असे नसते. ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी आणि वर्षातून दोनदा कौशल्याची परीक्षा त्याला द्यावीच लागते. पन्नाशीत दर सहा महिन्यांनी परीक्षेला बसायचे, ही कल्पना करून पाहा! उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत मद्य वर्ज्य, आणि श्वासाची तपासणी. मद्यार्क असलेली चूळ भरण्याची औषधेही २०२३ साली निषिद्ध करण्यात आली. आणि हे नियम पाळणाऱ्यांत आता स्त्रियाही पुष्कळ आहेत. १९८५ साली कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या विमानात देशात प्रथमच सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. त्या विमानाच्या कॅप्टन होत्या आपल्या सौदामिनी देशमुख. आज वैमानिकांतील स्त्रियांचे प्रमाण आपल्या देशात जगाच्या सरासरीहून अधिक आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो झोपेचा नियम. याविषयी मला माझीच एक चूक कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी परगावाहून मुंबईला येत होते. नातू बरोबर होता. रात्रीचे विमान आधीच उशिराने आलेले. सगळे बसण्याच्या तयारीत असता घोषणा झाली, की वैमानिकांच्या कामाचे तास संपत आहेत, दुसरे वैमानिक येईपर्यंत थांबावे लागेल. लोक खवळले. मीही उठले आणि खिडकीवरच्या मुलीला सुनावले, "तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा, आमची लेकरे झोपेने पेंगताहेत." ती मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची असेल. ती नुसती "सॉरी मॅडम" म्हणाली. मी जागेवर येऊन बसले, तेव्हा शेजारच्या एक वयस्क बाई मला म्हणाल्या, "ताई, लेकरू पेंगतंय ते तुमच्या मांडीवर. वैमानिक पेंगला तर कोणाच्या मांडीवर?" मला काही उत्तर सुचले नाही. तीन तासांनी विमान निघाले आणि सुखरूप उतरले. त्या मुलीची क्षमा मात्र मागायची राहून गेली.

पुढे मी मंगळूरच्या अपघाताविषयी वाचले. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान पहाटे मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत पडले. १६६ जणांपैकी १५८ गेले. कॅप्टन प्रवासात दीर्घकाळ झोपलेले होते, असे तपासात आढळले. जाग आल्यावर माणसाची बुद्धी काही वेळ जड असते. आपण दुपारच्या झोपेतून दचकून उठलो, की गॅस कोठला लावला तेही उमगत नाही. विमान जास्त उंचीवरून, जास्त वेगाने खाली येत होते. पुन्हा वर चला, असे सहवैमानिकाने एकाहून अधिक वेळा सांगितले, पण ते मानले गेले नाही. थकवा आणि वडीलधाऱ्याने धाकट्याचे न ऐकणे, या दोन्ही गोष्टी आपल्या घरांतही असतात. घरात त्यांचे भांडण होते; तिथे दीडशे माणसे जातात.

म्हणून डी.जी.सी.ए.ने जानेवारी २०२४ मध्ये विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली. रात्रीच्या कामात सहापर्यंत वेळा विमान उतरवता येत असे, ते दोनवर आणले. मात्र हे नियम लगेच लागू झाले नाहीत. कंपन्या म्हणाल्या, माणसे पुरत नाहीत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेर काही नियम १ जुलै २०२५ पासून आणि उरलेले १ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आले. आणि डिसेंबरात काय झाले ते आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे डोंगर, रडणारी मुले, चुकलेली लग्ने. शेवटी रात्रीच्या कामाच्या नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट देण्यात आली.

ज्यांची उड्डाणे रद्द झाली, त्यांचे हाल खरेच झाले. त्यांचा राग मी समजू शकते. पण तो राग कोणावर असावा? पुष्कळजण नियमाला नावे ठेवत होते. मी म्हणते, घरात पाहुणे येणार हे दोन वर्षे आधी माहीत असताना पीठ दळून ठेवले नाही, तर दोष पाहुण्यांचा की घरधनिणीचा? आणि दुसरे म्हणजे, सूट देणे ही अडचणीतली सोय असते. तिची सवय लागता कामा नये. आपण उतारू जेव्हा "काहीही करा, पण विमान सोडा" म्हणतो, तेव्हा आपणही त्या सवयीला हातभार लावतो. मी त्या रात्री तेच केले होते.

आता तिसरा आणि शेवटचा भाग, विमानतळाच्या भोवतालचा. हा भाग आपला आहे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकू नये, जनावरे कापू वा सोलू नयेत, असा विमान नियमांत स्पष्ट नियम आहे. कारण साधे आहे. कचरा आला की घारी, कावळे, बगळे आले. आणि पक्षी इंजिनात शिरला की इंजिन बंद पडू शकते. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला जंगली हंसांच्या थव्यामुळे एका विमानाची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने ते नदीत उतरवून १५५ जणांना वाचवले, म्हणून ती गोष्ट जगभर गाजली. पण प्रत्येक गावाला नदी नसते आणि प्रत्येक वेळी तसा वैमानिक नसतो.

आपला उस्मानपुरा चिकलठाण्याच्या विमानतळापासून सरळ रेषेत मोजला तर आठ किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा तो ढीग, ज्याला नाक दाबून आपण रोज वळसा घालतो, तो त्या परिघाच्या आत आहे! २०१८ साली नारेगावच्या लोकांनी आपल्या गावात कचरा टाकू देणार नाही असे ठणकावले, तेव्हा साऱ्या शहरात आठवडेच्या आठवडे कचरा साचला होता, हे आपण विसरलेलो नाही. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. शहराची घाण त्यांनी किती वर्षे सोसली. पण तेव्हा आपण फक्त वासाला कंटाळलो होतो. त्या ढिगांवर घिरट्या घालणाऱ्या घारींच्या वरून विमाने जातात, हे कोणाच्या मनातही आले नाही.

मला पुन्हा बीडचा रस्ता आठवतो. धावपट्टी विमानतळाची, रस्ता दुसऱ्यांचा, ट्रक तिसऱ्याचा. मधली ती जागा कोणाचीच नव्हती, आणि माणसे तिथेच मेली. आपल्या कोपऱ्यावरचा ढीगही असाच आहे. पालिका म्हणते लोक टाकतात, लोक म्हणतात गाडी येत नाही, आणि घारी मात्र नेमाने येतात.

म्हणून माझी आपल्या मंडळाला एक विनंती आहे. येत्या महिन्यात आपण आपल्या भागातील असे कोपरे वहीत लिहून काढू. ओला आणि सुका कचरा वेगळा करून गाडीतच देण्याचा नेम प्रत्येक सभासद आपल्या घरापासून सुरू करील. आणि ती यादी आपण पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी अर्जाने देऊ, त्याची पोच घेऊ, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा जाऊ. अर्जात विमानतळाच्या नियमाचा उल्लेख जरूर करू. एरवी बायकांची तक्रार म्हणून बाजूला ठेवलेला कागद कदाचित त्यामुळे वाचला तरी जाईल.

आणि ज्या भगिनी विमानाने जातात, त्यांना आणखी थोडे सांगते. पट्टा बांधा म्हटले की बांधावा. मोबाइलची पॉवर बँक मोठ्या सामानात न घालता हातातल्या पिशवीत ठेवावी. संकटात बाहेर पडायला सांगितले तर पर्स, पिशवी, लाडूंचा डबा सगळे सोडून निघावे. मागच्याचा जीव आपल्या डब्यापायी अडकू नये. आणि वैमानिक विश्रांतीसाठी थांबला असेल तर खिडकीवरच्या मुलीला बोलू नये. हे शेवटचे मी स्वतःलाच सांगते आहे.

विमानाचा प्रत्येक नियम वाचताना मला वाटते, की याच्यामागे कोणीतरी घरी परत आलेला नाही. १९९३ च्या त्या दुपारी जे ५५ जण परतले नाहीत, त्यांची घरे कोठे कोठे असतील, मला ठाऊक नाही. पण त्या घरांतही कोणाचे वाळवण गच्चीवर तसेच राहिले असेल. नवा नियम होण्यासाठी आणखी माणसे जाण्याची वाट पाहायची नसेल, तर असलेले नियम पाळणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.